समुद्र ‘साफ’ झाला, हे ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘होर्मुझच्या सामुद्रधुनीत सुरुंग असल्याची बातमी आली की तेलाची जहाजं थांबतात, हे समजतं. पण नौदलानं सुरुंग काढायला घेतल्यावरही ती आठवडेच्या आठवडे का उभी राहतात? चार-दोन सुरुंग काढले की झालं ना? शिवाय सुरुंग सापडायच्या आधीच तेलाचे भाव कसे चढतात? माझा भाऊ टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे, म्हणून विचारतोय.’

मी 1986 साली कॅडेट म्हणून समुद्रावर गेलो. बावीस वर्षं टँकरवर काढली, त्यातली शेवटची दहा मास्टर, म्हणजे कप्तान म्हणून. मग मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात ऑपरेशन्सच्या टेबलावर बसलो. म्हणजे सुरुंगाच्या भीतीनं फोक्सलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभं राहायचं कामही केलंय आणि ‘कॅप्टन, निघता की नाही?’ असं फोनवर विचारायचं कामही. दोन्हीकडून जे दिसलं ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. सुरुंग ‘काढणं’ हे या कामातलं छोटं काम आहे. मोठं काम म्हणजे उरलेल्या पाण्यात सुरुंग नाही, हे सिद्ध करणं. घरात साप निघाला आणि कोणी तो मारला, तर त्या रात्री सगळे झोपतात. पण ‘मी तुमच्या माजघरात शेपूट जाताना पाहिलं’ असं शेजारी म्हणाला आणि साप सापडलाच नाही, तर चार रात्री कुणाला झोप येत नाही. ट्रंका हलवतात, धान्याची पिंपं सरकवतात, पोत्यांवर काठी आपटतात. एवढं करून साप नव्हताच असं निघालं, तरी चार दिवस गेले ते गेलेच.

याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चोख उदाहरण आखातातलं नाही, व्हिएतनाममधलं आहे. 9 मे 1972 ला अमेरिकी नौदलाच्या विमानांनी हायफाँग बंदराच्या खाडीत 36 सुरुंग टाकले. सुरुवातीला छत्तीसच. आतल्या जहाजांना बाहेर पडायला 72 तास दिले, त्यानंतर सुरुंग जागे होणार होते. थोडी जहाजं निघाली, बाकीची अडकली आणि एवढं मोठं बंदर दहाएक महिने ठप्प राहिलं. पुढे पॅरिसच्या करारानुसार ते सुरुंग अमेरिकेलाच काढावे लागले. फेब्रुवारी ते जुलै 1973 ही मोहीम चालली. हेलिकॉप्टरं होती, सुरुंगशोधक जहाजं होती, आणि सापडून फुटला किती, तर एक. बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप निकामी व्हावेत अशीच त्यांची रचना होती आणि ते तसे झालेही होते. टाकणारे तेच, काढणारे तेच, कुठे आणि किती टाकले याचा नकाशा त्यांच्याच हातात. तरीही पाच महिने लागले. शेवटी खात्री पटवायला काय केलं? एका जुन्या जहाजाच्या पोटात फोम भरला, म्हणजे स्फोट झाला तरी ते तरंगत राहील. स्वतःहून पुढे आलेले मोजके खलाशी त्यावर चढवले आणि ते त्या वाटेवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. फुटलं नाही, तेव्हा वाट साफ. इतकी यंत्रं वापरून शेवटचा पुरावा हाच.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू.

जुनी पद्धत म्हणजे पाणी विंचरणं. जहाजामागे लांब तार ओढायची. तिच्या टोकाला एक तरंगता बोया आणि तारेला कात्र्या. साखळीनं तळाला बांधलेला सुरुंग पाण्यात फुग्यासारखा उभा असतो. त्याची साखळी कात्रीत आली की तुटते, सुरुंग वर येतो आणि मग तो गोळ्या घालून फोडायचा. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे समजावून सांगावं लागत नाही, जाळं ओढण्याचीच ही रीत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी या कामाला मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यावरचे मच्छीमारच घेतले होते.

पण सगळे सुरुंग असे उभे नसतात. काही तळाला चिखलात पडून असतात आणि वरून जाणाऱ्या जहाजाचं लोखंड, पंख्याचा आवाज, पाण्याच्या दाबातला फरक ‘ऐकतात’. त्यात मोजणीही लावता येते: पहिली पाच जहाजं जाऊ दे, सहाव्याला फूट. म्हणजे तुमच्या पुढे पाच जहाजं सुखरूप गेली, हा काही पुरावा होत नाही. तारेनं असला सुरुंग निघत नाही. त्याला सोनार लावून शोधावा लागतो. जहाज तीन-चार नॉटनं, म्हणजे तासाला तीन-चार समुद्री मैलांनी, सरकतं, सोनारवर तळाचं चित्र उमटतं, त्यात एखादी गोल किंवा लांबट सावली दिसली की थांबायचं, जवळ जायचं, कॅमेऱ्याचं यंत्र नाहीतर पाणबुड्या उतरवून ती काय वस्तू आहे ते बघायचं. सुरुंग असेल तर त्याच्याजवळ स्फोटकं ठेवून, दूर होऊन उडवायचा.

हिशेब करून बघा. समजा साठ समुद्री मैल लांब आणि दोन मैल रुंद अशी एकच वाट साफ करायची आहे. दोन मैल म्हणजे 3,700 मीटर. सोनारचा भरवशाचा पट्टा 200 मीटर धरला तर 19 फेऱ्या. एकोणीस गुणिले साठ, 1,140 मैल. तीन नॉटनं 380 तास, म्हणजे रात्रंदिवस न थांबता सोळा दिवस. हे एका जहाजाचं, आणि वाटेत काहीही सापडलं नाही तर. आता त्या वाटेत तीनशे संशयास्पद वस्तू आहेत आणि प्रत्येकीला तासभर लागतो असं धरा. आणखी साडेबारा दिवस. चार जहाजं लावली तर चौथा भाग, खरं आहे. पण येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी, नांगर टाकायची जागा वेगळी आणि मोजणी लावलेल्या सुरुंगांसाठी त्याच पट्ट्यावरून पुन्हा फिरायचं ते वेगळंच.

आणि आखाताचा तळ म्हणजे भंगारबाजार आहे. सरासरी खोली जेमतेम 35 मीटर, वर्दळ प्रचंड. तुटलेले नांगर, तेलाची पिंपं, टायर, कंटेनर, इराण-इराक युद्धातली बुडालेली जहाजं. त्यात तिथले मच्छीमार वापरतात ते ‘गरगूर’, तारेचे घुमटासारखे पिंजरे, हजारोंनी तळाशी सोडून दिलेले. सोनारवर गोल सावली उमटली की ती गरगूर आहे की आणखी काही, हे खाली उतरल्याशिवाय सांगता येत नाही.

हे चालू असताना व्यापारी जहाजांनी तिथून जायचं नाही. नियमच आहे. समुद्रावर सुरुंग काढणारं जहाज ओळखायची खूण म्हणजे तीन हिरवे दिवे, एक डोलकाठीच्या शेंड्याला आणि दोन आडकाठीच्या दोन टोकांना. दिवसा तिथे काळे गोळे. अर्थ असा की 1,000 मीटरच्या आत येणं धोक्याचं आहे. कॅडेट असताना हा दिवा परीक्षेसाठी पाठ केला होता, कधी दिसेल असं वाटलं नव्हतं. 1991 च्या उन्हाळ्यात कुवेतच्या दिशेनं जाताना पहाटे साडेतीनला क्षितिजावर तो हिरवा त्रिकोण दिसला. सुकाणीवर रत्नागिरीकडचे एक काका होते, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेले. ते एवढंच म्हणाले, ‘साहेब, ह्यो दिवा मी पुस्तकातच बघितलेलो.’

त्या वर्षीचं उदाहरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. कुवेतसमोरच्या पाण्यात इराकनं हजाराच्या वर सुरुंग पेरले होते. 18 फेब्रुवारी 1991 ला एकाच सकाळी अमेरिकेच्या दोन युद्धनौका, ‘ट्रिपोली’ आणि ‘प्रिन्स्टन’, काही तासांच्या अंतरानं सुरुंगांवर गेल्या. ‘ट्रिपोली’वर तर सुरुंग काढणारी हेलिकॉप्टरं होती. फेब्रुवारी संपता संपता लढाई थांबली आणि शस्त्रसंधीच्या अटींनुसार इराकनं सुरुंगांचे नकाशे दिले. मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम अशा अनेकांची जहाजं कामाला लागली. जपाननंही आपली पाठवली. जपानच्या स्वसंरक्षण दलानं परदेशी प्रत्यक्ष कामगिरीवर जाण्याची ती पहिलीच वेळ आणि त्यांच्या वाट्याला 34 सुरुंग आले. एवढा ताफा, हातात नकाशे, गोळीबार बंद. तरी काम सप्टेंबरपर्यंत चाललं. बाहेरच्या जगाला ते फारसं जाणवलं नाही, कारण कुवेतच्या विहिरीच जळत होत्या. शेवटची विझली नोव्हेंबरमध्ये. तेलच फारसं निघत नव्हतं, तर वाट कशाला हवी होती?

माझा त्या पाण्यातला अनुभव मात्र तळाच्या सुरुंगांचा नाही, तरंगणाऱ्यांचा आहे. साखळी तुटलेले सुरुंग उत्तरेकडून ‘शमाल’ वाऱ्यानं आणि प्रवाहानं सौदीच्या किनाऱ्याला लागून खाली वाहत यायचे. साखळी तुटली की सुरुंग निकामी झाला पाहिजे, असा 1907 च्या हेग कराराचा नियम आहे. समुद्राला तो कोणी वाचून दाखवलेला नाही. आम्ही फोक्सलवर दोन माणसं उभी करायचो, दुर्बीण आणि वॉकी-टॉकी देऊन. वेग कमी. अंधार पडला की नांगर, नाहीतर मोकळ्या पाण्यात इकडून तिकडे. सारंग दर वीस मिनिटांनी काहीतरी काळं बघायचा. पिंप. पोतं. एकदा कासव. आणि सगळ्यात जास्त वेळा मेलेली मेंढी. ऑस्ट्रेलियाहून आखातात जिवंत मेंढ्यांची जहाजं यायची, वाटेत मेलेल्या समुद्रात टाकायचे. त्या फुगून उलट्या तरंगतात, चार पाय वर. लांबून बघा, गोल काळं अंग आणि त्यावर शिंगं, हुबेहूब सुरुंग. आज हसू येतं. त्या दिवशी एका मेंढीपायी आम्ही साठ हजार टन माल घेऊन पूर्ण वळसा मारला होता.

आता ऑफिसच्या टेबलावर येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

नौदलानं ‘वाट साफ’ म्हटलं तरी जहाज निघत नाही. निघण्यासाठी तीन जणांनी मान डोलवावी लागते: विमा उतरवणारा, जहाज भाड्यानं घेणारा आणि मालकाच्या वतीनं मास्टर. तिघांचं गणित वेगळं.

विम्याचं आधी. जहाजाचा नेहमीचा विमा युद्धाचा धोका धरत नाही, त्याचा वेगळा उतरवावा लागतो. लंडनची जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या पाण्याची यादी काढते. त्या यादीतल्या पाण्यात शिरायचं तर आधी कळवायचं आणि जादा हप्ता भरायचा. हप्ता जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत आणि साधारण सात दिवसांसाठी. समजा जहाज दहा कोटी डॉलरचं आहे. पाव टक्का म्हणजे अडीच लाख डॉलर, एक टक्का म्हणजे दहा लाख. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. पण हेच जहाज वीस लाख बॅरल तेल नेतं. दहा लाख डॉलर भागिले वीस लाख बॅरल, म्हणजे बॅरलला अर्धा डॉलर. ज्या दिवशी तेलाचा भावच पाच-दहा डॉलरनं उडतो, त्या दिवशी हा अर्धा डॉलर कोणीही देईल. म्हणून ‘विमा महाग झाला म्हणून जहाजं थांबली’ हे वर्तमानपत्री वाक्य मला पटत नाही. हप्त्यानं जहाज थांबत नाही. थांबतं ते विमा मिळतच नसेल तर, किंवा सात दिवसांत आत जाऊन भरून बाहेर पडता येईल याची खात्री नसेल तर. सुरुंग काढण्याच्या कामात तीच खात्री जाते. आज वाट उघडी, जहाज आत गेलं, परवा एक संशयास्पद वस्तू सापडली, वाट बंद. सात दिवस आत संपले, पुन्हा हप्ता, या वेळी दुप्पट.

दुसरा भाडेकरू. टँकर महिन्यांच्या करारावर घेतलेला असेल, तर तो होर्मुझच्या बाहेर, अमिरातीतल्या फुजैरापाशी नांगर टाकून उभा असला तरी भाड्याचं मीटर चालू राहतं, कारण जहाज बिघडलेलं नाही. एका फेरीचा करार असेल, तर बंदरात पोहोचण्याआधीची रखडपट्टी बहुधा मालकाच्या अंगावर पडते. म्हणजे एकाला निघायची घाई, दुसऱ्याला नाही, आणि ती कोणाला हे कराराच्या कागदावर अवलंबून. अशा दिवसांत आमच्या ऑफिसात जहाजांपेक्षा वकिलांचे फोन जास्त यायचे.

तिसरा मास्टर, आणि इथे एक फार मजेदार शब्दप्रयोग आहे. बिम्को ही जहाजमालकांची जागतिक संघटना. तिच्या प्रमाणित कलमांत ‘युद्धाचा धोका’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्यात सुरुंग पेरण्याचा उल्लेख आहे आणि जुन्या मसुद्यांत त्यापुढे कंसात लिहिलंय: प्रत्यक्ष असो वा नुसतं कळलेलं असो. शेजाऱ्यानं शेपूट पाहिलं म्हटलं, तेवढं पुरे! मास्टरला वाजवी कारणानं धोका वाटला तर तो जायला नकार देऊ शकतो आणि त्याला कोणी जबरदस्ती करू शकत नाही. कागदावर तरी नाही. फोनवर आडून आडून होते, ती मीही केली आहे, अभिमानानं सांगत नाही.

भाव आधीच का चढतात, याचं उत्तर यातच आलं. तेलाच्या बाजाराला सुरुंग सापडायची गरज नसते. होर्मुझमधून 2024 मध्ये दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल तेल जात होतं, जगाच्या रोजच्या वापराचा पाचवा हिस्सा. कतारचा द्रवरूप वायूही याच वाटेनं. ही सगळी वाहतूक ज्या ठरलेल्या मार्गिकांतून चालते त्या प्रत्येकी दोनच मैल रुंद, ओमानच्या मुसंदमच्या टोकाला वळसा घालून. पर्यायी नळ आहेत: सौदीचा लाल समुद्रावरच्या यान्बूपर्यंत, अबू धाबीचा फुजैरापर्यंत. पण सगळं तेल त्यात मावत नाही, आणि कुवेत, कतार, बहरीन यांना तोही पर्याय नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या तेलाचीही तीच गत.

मग एक गोष्ट घडते जी जहाजाकडे बघून कळत नाही, टाक्यांकडे बघून कळते. जहाज आलं नाही तर तेल किनाऱ्यावरच्या टाक्यांत साठतं. टाक्या भरल्या की विहिरी कमी कराव्या लागतात, मग बंद. बंद केलेली विहीर नळासारखी पुन्हा सुरू होत नाही, तिला वेळ लागतो. म्हणजे वाट पंधरा दिवसांनी उघडली तरी तेल लगेच पहिल्यासारखं येत नाही. त्यात बाहेर थांबलेली सगळी जहाजं एकदम आत घुसतात. लोडिंगच्या धक्क्यावर रांग, पायलट कमी, टग कमी. भरून निघालेली पुढे रिफायनरीवरही एकदमच पोहोचतात. रास तनुराहून मुंबई चार-पाच दिवसांची वाट, जपान वीसेक दिवसांची. म्हणजे एकाच खोळंब्याचा धक्का आधी मुंबईत बसतो आणि तिकडे पंधरा दिवसांनी. मुंबईसमोर जवाहर द्वीपावर टँकर लागतात, तिथून माहुलच्या रिफायनऱ्यांना नळ जातो. तिथे आधी रांग नसते, मग एकाच आठवड्यात तीन जहाजं नांगर टाकून उभी. डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याची भरपाई, कोणी कोणाला द्यायचं हे भांडण पुढे वर्षभर पुरतं. आपल्याकडे क्रूडपेक्षा मला नेहमी एलपीजीची काळजी जास्त वाटते. देशाला लागतो त्याच्या निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, तोही बहुतेक याच वाटेनं, आणि साठवायला जागा क्रूडच्या मानानं फारच थोडी.

उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी घाबरवतोय असं वाटेल. 1987-88 मध्ये आखातात सुरुंग होते, टँकरांवर क्षेपणास्त्रं पडत होती, तरी तेल वाहत राहिलं. 24 जुलै 1987 ला अमेरिकी झेंडा लावलेला कुवेती महाटँकर ‘ब्रिजटन’ अमेरिकी युद्धनौकांच्या पहिल्याच संरक्षक ताफ्यात फारसी बेटाजवळ सुरुंगावर गेला. भगदाड पडलं, पण चार लाख टनी जहाज आपल्या बळावर कुवेतला पोहोचलं. गंमत म्हणजे स्फोटानंतर राखायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे, त्याच्या पाण्याच्या रेषेत चालल्या. पातळ पत्र्याच्या युद्धनौकेला तो सुरुंग झेपला नसता, कप्प्याकप्प्यांच्या टँकरला झेपला. म्हणजे राखणदाराला वाट दाखवली ती राखायच्या मालानं. हायफाँगच्या त्या फोम भरलेल्या जहाजाचंच काम इथे भरलेला टँकर करत होता. पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1988 ला, ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही फ्रिगेट तशाच सुरुंगावर गेली. त्या सुरुंगाचं मूळ डिझाइन 1908 चं, किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास सांगतात. दुरुस्तीला नऊ कोटी डॉलरच्या आसपास गेले.

तरी व्यापार चालू राहिला, कारण सुरुंग थोडे होते आणि कोणत्या पाण्यात आहेत याचा अंदाज होता. जहाजमालकांनी धोका मोजला आणि उचलला. बंद वाट आणि धोक्याची वाट यात हाच फरक. गंमत अशी की सुरुंग काढायचं काम जाहीर झालं की तोपर्यंत धोक्याची असलेली वाट बंद होते. पहिल्या दिवसापासून नकाशावर चौकट येते, नॅव्हटेक्सवर, म्हणजे जहाजांना रेडिओवरून इशारे देणाऱ्या यंत्रणेवर, इशारा येतो आणि त्या चौकटीतून गेलात तर विमावाला विचारतो, कशाला गेलात?

सुरुंगाची आठवण किती लांब राहते याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. पहिल्या महायुद्धात ‘वुल्फ’ नावाचं जर्मन जहाज, वरून साधं मालवाहू, फेब्रुवारी 1917 मध्ये गुपचूप मुंबईच्या बाहेर सुरुंग पेरून गेलं. चार महिने गेले. 23 जूनला पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही मोठी आगबोट मुंबईला येताना त्यातल्या एकावर बुडाली. तेव्हा ‘वुल्फ’ कुठे होतं? न्यूझीलंडकडे, तिथे सुरुंग पेरायच्या तयारीत. एक जहाज, काही डझन सुरुंग, आणि मुंबईच्या तोंडाशी इंग्रजी आरमाराची झोप उडालेली.

आज आपल्या नौदलाकडे हे काम करणारी खास जहाजं नाहीत, हेही या निमित्तानं लिहून ठेवतो. सोव्हिएत बनावटीच्या बारा सुरुंगशोधक जहाजांपैकी शेवटचं ‘कोझिकोड’ 2019 मध्ये निवृत्त झालं. ‘कोकण’ नावाचंही एक होतं, ते त्याच्या आदल्या वर्षी गेलं. नवी बारा जहाजं गोवा शिपयार्डमध्ये कोरियन मदतीनं बांधायची होती, सुमारे 32,000 कोटींचा प्रकल्प. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि 2018 मध्ये तो रद्द झाला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली ही आपली सगळ्यात महागात पडू शकणारी दिरंगाई आहे. न्हावा-शेवाच्या खाडीत उद्या कोणी तीन रिकामी पिंपं सोडून ‘सुरुंग टाकले’ अशी आरोळी ठोकली, तर ती पिंपंच आहेत हे सांगायला किती दिवस लागतील, याचा विचार करून बघा.

आता तुमच्या भावाचं. तो थर्ड इंजिनिअर आहे, म्हणजे त्याची ड्यूटी पाण्याच्या पातळीखाली. सुरुंगाच्या पाण्यातून जाताना चांगली कंपनी इंजिनरूममध्ये कमीत कमी माणसं ठेवते, जलरोधक दरवाजे बंद करते, खालच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना वर हलवते. हे होतंय का, ते त्याला विचारा. दुसरं, कागद. त्याच्या करारात आयबीएफचा (खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यातल्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंडळाचा) सामूहिक करार लागू आहे का ते बघायला सांगा. असेल आणि ते पाणी ‘वॉरलाइक’, म्हणजे युद्धसदृश, म्हणून जाहीर झालं असेल, तर तिकडे जायला नकार देण्याचा हक्क त्याला आहे, घरी पाठवण्याचा खर्च कंपनीचा, वर दोन महिन्यांचा मूळ पगार. गेला तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट. नकार दिला तर पुढे काम मिळणार नाही, असं कानात सांगणारे एजंट असतात. भरती करणाऱ्याचा आरपीएसएल परवाना क्रमांक तुमच्याकडे लिहून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर मुंबईत नौवहन महासंचालनालयात आधी तोच विचारतात. आणि त्याच्या नॉमिनीचा फॉर्म भरलाय का ते बघा. नव्या लग्न झालेल्या पोरांच्या फॉर्मवर मी कितीतरी वेळा अजून आईचंच नाव पाहिलंय, आणि ते बदलायचं राहिलंय हे घरात कोणालाच माहीत नसतं.